अर्ध्या ॲम्प्यूलचा संशय

“अर्धंच का टोचलासा? उरलेलं कुणासाठी ठेवलंय?”

कॅज्युअल्टीत मी डॉक्टर म्हणून नोकरी केली त्या वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की नंतर नंतर कुणी विचारायच्या आत मी हातातली सिरिंज वर धरून दाखवायची. मधमाश्या डसून नाहीतर कुठल्यातरी इंजेक्शनची रिॲक्शन येऊन पेशंट समोर पडलेला असायचा. मुमताज सिस्टर तपकिरी काचेची इवलीशी ॲम्प्यूल फोडायच्या, मी त्यातलं अर्धं मांडीत द्यायची, आणि नातेवाइकांचे डोळे त्या उरलेल्या अर्ध्यावर खिळलेले. सरकारी दवाखाना म्हटल्यावर अर्धं औषध मागच्या दारानं जातं, ही लोकांची पक्की समजूत. एका पाव्हण्यानं तर सिस्टरांना खिसे उलटे करून दाखवायला सांगितलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, उरलेलं तुझ्याच अंगात घालू का? मग कळंल अर्धं का देतात ते.”

त्या औषधाचं नाव ॲड्रेनॅलिन. ते आपल्या अंगातही तयार होतं. कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते, हात थरथरतात, ते त्याच्यामुळं. जोराची रिॲक्शन येते तेव्हा माणसाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो आणि श्वासनळ्या आवळतात. ॲड्रेनॅलिन हे सगळं उलटं फिरवतं. मोठ्या माणसाला अर्धी ॲम्प्यूल, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. आमच्या वेळच्या पुस्तकात दंडाला, कातडीखाली द्या असं असायचं. पण माझे सर मांडीवरच बोट ठेवायचे. तिथं रक्त भरपूर, औषध लवकर पोचतं. पाचएक मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा तेवढंच. म्हणून उरलेलं हाताशी ठेवायचं, आणि लागलं नाही तर टाकून द्यायचं. लहान मुलाला वजनावर, थेंबांच्या हिशेबात. हृदयच बंद पडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं अख्खी ॲम्प्यूल, पातळ करून, शिरेतून, आणि छाती दाबत राहायचं. तोच अख्खा डोस नाडी चालू असलेल्या माणसाच्या शिरेत घाईघाईनं गेला, तर वाचवायला घेतलेल्या माणसाचं हृदय उधळतं.

मंगळवार पेठेतला एक पैलवान एकदा असाच आला होता. आग्या मोहोळ उठलं आणि सात-आठ माश्या त्याला डसल्या. एवढा दांडगा गडी, पण मान टाकलेली. इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात उठून बसायला लागला आणि ओरडला, “वस्ताद, छाती फुटाय लागलीया! काय टोचलं बाईनं?” वस्ताद माझ्यावर धावूनच आले. तुमी कुणाच्या सांगण्यावरनं केलासा, पुढच्या आठवड्यात ह्येची कुस्ती हाय, म्हणून. मी समजावलं की ही धडधड औषधाची आहे, आपोआप जाईल, फक्त त्याला निजू द्या. वस्ताद मागं सरले. जाताना मात्र मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, “बाई, ह्ये औषध कुस्तीच्या आदी दिलं तर चालतंय का वो?”

लोक आमच्यावर संशय घ्यायचे, आणि खोटं कशाला सांगा, आम्हीही लोकांवर घ्यायचो. जळालेली सून आली की स्टोव्ह खरंच भडकला का, हे आमच्या मनात आधी येई. ‘पाय घसरून पडला’ म्हणून आणलेल्या माणसाच्या पाठीवरचे वळ आम्ही आधी बघायचो. तिथं काम करून माझा स्वभावच तसा झाला. घरी भाजीवाल्यालाही मी दोनदा विचारायची.

मारुतीला पहिल्यांदा आणलं तेव्हा तरी मी संशय घेतला नाही. तो घ्यायला दुसरं माणूस हजर होतं.

भर दुपारी जेलची गाडी दारात लागली. मारुती कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला. इचलकरंजीत मागावर कामाला होता. शेडमध्ये मुकादमाशी भांडण झालं, हाणामारीत मुकादमाच्या डोक्यात दांडा बसला आणि तो माणूस गेला. दांडा कुणाच्या हातात होता, यावर खटला अडकला होता. वय तिशीच्या आत-बाहेर. एका हातात बेडी, बेडीचं दुसरं टोक हवालदार शेळक्यांच्या मुठीत.

“सोंग हाय मॅडम,” शेळके स्ट्रेचर आत यायच्या आधीच म्हणाले. “ह्येनला भाईर यायचं असतं. मी लै बघितल्यात.”

मी चादर बाजूला केली. छातीभर, पोटभर गांधी उठल्या होत्या, लालभडक. डोळे सुजून मिटलेले, ओठ जाड झालेले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. नाडी बोटाला जेमतेम लागत होती आणि रक्तदाब ऐकूच येत नव्हता.

“हवालदार, डोळे पांढरे करता येतात. बेशुद्धही पडता येतं. पण ह्या गांधी कशा उठवायच्या सांगा बरं?”

शेळक्यांनी बेडी सोडली नाही. मी अर्धी ॲम्प्यूल मांडीत दिली. आडवं निजवलं, पाय उशीवर उचलले, ऑक्सिजन लावला, सलाइन जोरात सोडलं. पाच मिनिटांनी उरलेलं अर्धं. मग शिट्टी कमी झाली, नाडी भरली, आणि मारुतीनं डोळे किलकिले करून पाणी मागितलं.

ह्या औषधाचं दुखणं हेच आहे, की ते लागू पडलं तर फार लवकर पडतं. टायफॉइडचा माणूस आठवडाभर खंगून उठला तर सगळ्यांना तो आजारी होता हे पटतं. इथं मघाशी मरायला टेकलेला माणूस जरा वेळानं चहा मागतो.

“बगा!” शेळके म्हणाले. “आत्ता मरत हुतं न्हवं? च्या पायजे म्हणे. चल, उठ.”

“उठवायचं नाही. निदान रात्र इथं काढू दे.”

“कशापायी?”

“औषधाचा जोर उतरला की काही जणांना हेच पुन्हा येतं. काही तासांनी. सगळ्यांना नाही, पण कुणाला येईल हे आधी कळत नाही.”

शेळक्यांनी विचारलं, “तुमी इचलकरंजीच्या न्हवं मॅडम? विहाराच्या गल्लीतल्या?”

“हो. माझे वडील मागावर होते.”

“आनि ह्योबी मागावरचाच.”

गाववाला म्हणून मी त्याला ठेवून घेतेय, असा त्यांचा रोख. मला राग आला. नंतर मुमताज सिस्टरांनी सांगितलं, की ह्याच दवाखान्याच्या संडासाच्या खिडकीतनं एक कैदी पळाला होता आणि शेळके त्यापायी सस्पेंड झाले होते. पोरं शाळेत होती आणि हे कित्येक महिने घरी बसून होते. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच खिडकीवर विश्वास उरला नव्हता. हे कळल्यावर राग गेला नाही, थोडा पातळ झाला.

निरोप गेल्यावर उन्हं कलता कलता मारुतीची बहीण आली. शालन तिचं नाव, शहरातच दिली होती. तिच्या दंडाला धरून त्यांची आई, हौसाबाई. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत पांढरी फुलं पडलेली, काही दिसत नव्हतं. कानालाही कमी, अगदी जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच. शालननं तिला खाटेपाशी आणलं. म्हातारीनं मारुतीच्या तोंडावरनं हात फिरवला. कपाळ, नाक, सुजलेले ओठ, हनुवटी. मग केसांत बोटं घातली. शेळके “बाई, लांब व्हा” म्हणत पुढं आले, पण मुमताज सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

“हाय,” म्हातारी म्हणाली. “ह्योच हाय.” आणि मग खाली बसून रडली.

शालननं मला बाजूला घेऊन सांगितलं. जेलच्या भेटीत मध्ये जाळी असते. अलीकडं पाच-पन्नास माणसं, पलीकडं तेवढेच कैदी, सगळे एकदम ओरडणार. आईला ना दिसायचं ना नीट ऐकू यायचं. “आई म्हणती, मारुत्याला पोलिसांनी मारून टाकलाय आनि जाळीमागं दुसऱ्या कुणालातरी हुबा करत्यात. मी सांगितलं तरी पटंना. म्हणती, तूबी त्येनला सामील हाईस. महिना झाला, धड जेवली न्हाई.”

अंधार पडता पडता मारुतीच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या. मी शेजारच्या खोलीत होते. हाक आली ती शेळक्यांची, “मॅडम! ओ मॅडम! परत आलं बगा!” धावत गेले तर हवालदार मारुतीचे दोन्ही पाय स्वतःच्या छातीशी उचलून धरून उभे होते. दुपारी मी पाय का उचलले ते त्यांनी बघून ठेवलं होतं. पुन्हा अर्धी ॲम्प्यूल. पुन्हा उतार.

दुसऱ्या दिवशी मारुतीला नेताना शेळके म्हणाले, “आजार खरा हाय मॅडम. माणूस खरा हाय का न्हाय, त्ये मात्र मी सांगत न्हाई.”

कशानं झालं ते शोधायचा मी प्रयत्न केला. आदल्या दिवशी काय खाल्लं, काय चावलं, कुठलं औषध घेतलं, सगळं विचारलं. पाठ दुखत होती म्हणून एक गोळी खाल्ली होती, एवढं मारुतीनं सांगितलं. अंगदुखीची साधी गोळी, कुठल्याही दुकानात मिळणारी. मी त्याला बजावलं, की ही गोळी तुला चालत नाही, आयुष्यात पुन्हा तोंडात घालायची नाही. केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं आणि जेलच्या दवाखान्यालाही कळवलं.

पुढं काही महिने गेले. एके दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन बायका बसलेल्या दिसल्या. मी नीट बघितलं नाही. आमच्या बाकावर कुणी ना कुणी बसलेलंच असतं. दहाच्या सुमाराला जेलची गाडी आली. शेळके आणि मारुती. तेच सगळं, उलट जरा जास्तच. या खेपेला दोन ॲम्प्यूल फुटल्या, तीनदा द्यावं लागलं, आणि मध्ये एकदा नाडी हातातनं पार सुटली. मुमताज सिस्टरांनी छाती दाबायला हात ठेवलेच होते, तेवढ्यात ती परत लागली.

तो स्थिर झाल्यावर मी हात धुवायला वळले, तर हौसाबाई खाटेपाशी. केसांत बोटं.

मी सिस्टरांकडं बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, त्या सकाळपासून बाकावर आहेत. मला वाटलं, डोळ्यांच्या ओपीडीच्या असतील.”

गाडी दहाला आली होती. गाडी यायच्या आधी दोन तास ह्यांना कुणी सांगितलं?

शेळके चहाला गेले होते आणि दारात एक नवखा शिपाई होता. मी मारुतीच्या कानाशी वाकले. “मारुती, गोळी खाल्लीस?”

त्यानं मान डोलावली.

“मुद्दाम खाल्लीस?”

“गेल्या भेटीला शालनला सांगितलं हुतं,” तो म्हणाला. आवाज अजून घोगरा होता. “आईला घिऊन ये म्हणून. तिनं परत जेवन सोडलंय. म्हणती, त्यो माझा न्हवं.”

“आणि मेला असतास तर?”

“तुमी हायसा की.”

मला कुणी इतकं वाईट बोललं नसेल. शिव्या मी पचवल्या होत्या, कॉलर धरलेली पचवली होती. माझ्यावर विश्वास टाकून गोळी गिळणारा माणूस मला पचवता येईना. मी त्याला दबक्या आवाजात झाडलं. गाडी फाटकावर अडकली तर? मी रजेवर असले तर? वाटेत घसा बंद झाला तर माझं औषध काय उडत येणार आहे का? शेवटी तो एवढंच म्हणाला, “बाई, तिला डोळं न्हाईत.”

शेळके चहा घेऊन आले आणि सरळ विचारलं, “काय खाल्लं ह्येनं?”

“अंगदुखीची गोळी.”

“त्येला मना केल्याली न्हवं? दिली कुणी?”

“ते तुम्ही शोधा.”

“मुद्दाम खाल्ली?”

मी हातातल्या पेपरवर रक्तदाब लिहीत राहिले. मुद्दाम खाल्ली म्हटलं असतं तर पुढच्या खेपेला त्याला बराकीतच पडू दिलं असतं, ‘कर तुझं नाटक’ म्हणून. रिॲक्शनला मुद्दाम आणि चुकून यातला फरक कळत नाही. आणि सांगितलं नाही, तर तो पुन्हा खाणार होता. “मला एवढंच माहीत आहे की ही गोळी त्याला मारणार,” मी म्हटलं. शेळक्यांनी बाकावरच्या म्हातारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं असावं. चहा माझ्यापुढं ठेवला.

त्या आठवड्यात मी जेलच्या अधीक्षकांना भेटायला गेले. दोन गोष्टी मागितल्या. एक, ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्यूल जेलच्या दवाखान्यात ठेवा, मी तुमच्या कंपाउंडरला द्यायचं कसं ते शिकवते; म्हणजे गाडीची वाट बघायला नको. दुसरी, त्या आंधळ्या आईला एकदा जाळीशिवाय भेटू द्या.

अधीक्षक सभ्य होते. पहिली गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर म्हणाले, “डॉक्टर, एकाला दिलं की उद्या प्रत्येकाची आई आंधळी होते. आणि एक विचारू? इतक्या कैद्यांत तुम्हाला ह्या एकाचीच काळजी का?”

मी इचलकरंजीची आहे हे त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं असणार. मी निघून आले. कंपाउंडरला मात्र मन लावून शिकवलं. संत्र्यावर सुई टोचून घेतली, मांडीवर जागा दाखवली, अर्धं म्हणजे कुठल्या रेघेपर्यंत ते त्याच्याकडून दहादा भरून घेतलं. परत येताना माझ्या लक्षात आलं, की मारुतीचा जीव मी वाचवला आणि म्हातारीची वाट बंद केली. आता जेलातच इंजेक्शन मिळणार. त्याला बाहेर आणायला कारणच उरलं नव्हतं. हे मारुतीला मी सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी त्याला भेटू दिलं नाही.

आणि मग एका सकाळी हौसाबाई आणि शालन पुन्हा बाकावर दिसल्या.

म्हणजे आज पुन्हा गोळी. शालननं नजर चुकवली. मी आत जाऊन जेलला फोन लावला. कितीतरी वेळ लागेना. लागला तेव्हा पलीकडून कंपाउंडरचा आवाज, धाप लागलेला पण खूश. “मॅडम, आलं होतं त्याला! मी दिलं. मांडीत, अर्धंच. पाच मिनिटांनी परत अर्धं. आता बोलतोय. डॉक्टरसाहेब आलेत, म्हणाले बाहेर न्यायची गरज नाही.”

मी त्याला शाबासकी दिली, रात्रभर नजर ठेवायला सांगितलं आणि फोन ठेवून बाहेर आले. हौसाबाईंच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, “आजी, मारुती बरा आहे. त्याला तिथंच औषध दिलंय. आज गाडी येणार नाही.”

म्हातारीनं तोंड माझ्याकडं वळवलं. “गाडी न्हाई येत म्हंजे गेला.”

“गेला नाही. मी आत्ता फोनवर बोलले.”

“कुनासंगं? त्येच्यासंगं?”

“नाही. कंपाउंडरशी.”

“बगा की,” ती शालनला म्हणाली. “हीबी त्यातलीच.”

शालननं समजूत घातली, पाणी पुढं केलं, भाकरीचं फडकं सोडायला लागली. म्हातारीनं हात झटकला. दुपार झाली तरी ती बाकावरनं हलली नाही. माझी ड्यूटी दोनला संपली. पिशवी घेऊन निघाले, तर तिनं माझ्या चपलांचा आवाज ओळखला की काय कोण जाणे, माझा पदर पकडला.

“तुमी डाक्टर. तुमास्नी आत सोडत्यात. व्हय का न्हाई?”

“सोडतील.”

“मग जावा. मारुत्याच्या उजव्या कानामागं चामखीळ हाय, हरबऱ्याएवढं. बोट लावून बगा आनि मला यिऊन सांगा. डोळ्यानं बगू नगा. बोटानं.”

मी रिक्षा केली आणि गेले. इतकी जोराची रिॲक्शन येऊन गेलेला पेशंट मला तपासायचाच होता, एवढंच गेटवर सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. शेळके त्या दिवशी गेटलाच होते. “आता तुमी हिकडं कशाला मॅडम?” म्हणत ते माझ्यामागून आत आले आणि दवाखान्याच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

मारुती खाटेवर होता. तोंड अजून सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. मी नाडी बघितली, छाती ऐकली. सगळं ठीक. मग त्याचं डोकं जरा वळवून उजव्या कानामागं बोट फिरवलं.

काही नव्हतं. साफ कातडी. पुन्हा फिरवलं, वरपासून मानेपर्यंत. चामखीळ नाही, चामखीळ काढल्याची खूणही नाही. म्हातारीची बाजू चुकली असेल म्हणून डावा कान बघितला. तिथंही नाही.

त्या क्षणी माझ्याच मनात आलं, हा मारुतीच आहे ना? मी दोनदा वाचवलेला माणूस. पण दोन्ही वेळा तो सुजलेलाच होता. त्याचा धड चेहरा मी कधी बघितला होता? म्हातारीचा संशय माझ्याही डोक्यात शिरला. मी त्याच्या केसांत बोटं घातली आणि सगळं डोकं चाचपत गेले. मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या जरा खाली, हाडात एक खळगा लागला. जुना, गुळगुळीत.

“काय बगतासा बाई?” मारुती म्हणाला. आवाज त्याचाच होता. मी खळग्याबद्दल त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हातारीला काय सांगायचं ते त्यानंच मला शिकवलं, असं झालं असतं.

“मारुती, औषध आता इथंच आहे. गोळी खाल्लीस तरी तुला बाहेर नेणार नाहीत. ऐकतोयस?”

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. दारातले शेळके खाली बघत होते.

त्यानं पुन्हा ती गोळी कधी खाल्ली नाही. पुढं वर्षभरात खटल्याचा निकाल लागला, दांडा त्याच्या हातात होता हे सिद्ध झालं नाही आणि तो सुटला. शेळके एका अपघाताच्या केससोबत आले होते तेव्हा त्यांनीच हे सांगितलं, वर “खरा हुता म्हणायचा” असंही म्हणाले. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी रिक्षात बसले तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की बाकावर एक उपाशी म्हातारी बसलीय आणि तिनं सांगितलेली खूण मला सापडलेली नाही.

‘आहे’ म्हणायला काय लागत होतं? हरभऱ्याएवढी चामखीळ, उजव्या कानामागं, बोटाला लागली. दोन वाक्यं. म्हातारी जेवली असती. नातेवाइकांना मी त्याहून मोठं खोटं सांगितलेलं होतं. ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हटलं तेव्हा प्रयत्न संपलेले असायचे. दवाखान्याच्या दारात उतरेपर्यंत माझं ठरलं होतं, की ‘आहे’ म्हणायचं.

ती तशीच ताठ बसली होती. मी शेजारी बसले. तिनं माझा हात चाचपून धरला आणि तोंड माझ्या दिशेला केलं. ते पांढरे डोळे समोर आल्यावर माझं ठरलेलं मोडलं.

“आजी,” मी तिच्या कानात म्हटलं, “उजव्या कानामागं चामखीळ नाही. दोनदा बघितलं. डावीकडंही नाही.”

शालननं तोंडावर हात ठेवला. म्हातारीची पकड घट्ट झाली.

“आनि?”

“दुसरी काही खूण तुम्ही सांगितली नव्हती. पण मी सगळं डोकं चाचपलं. मागं, भोवऱ्याखाली, हाडात एक खळगा आहे. जुना.”

“केवडा?”

तिनं माझा अंगठा धरला आणि त्याचं पेर आपल्या तळहातावर दाबलं. “एवडा?”

“हो. एवढाच.”

तिनं अंगठा सोडला नाही. तिच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालं. “चामखीळ न्हाईच,” ती म्हणाली. “कदीच नव्हतं. तुमी खोटं सांगतासा का बगत हुते. हाय म्हनला असतासा, तर हितंच समजले असते की त्यो गेला.” मग म्हणाली, “पाळन्याची दोरी तुटली हुती. चार म्हयन्याचा हुता. जात्यावर पडला. त्यो खळगा माझ्याबिगर कुनाला म्हाइत न्हाई. ह्या शालीलाबी न्हाई.”

शालन रडत होती. म्हातारीला ते ऐकू येत नव्हतं. तिनं बाकावर हात फिरवून फडकं शोधलं.

“शाले,” ती म्हणाली, “भाकरी काड. वाळली आसंल.”